खोलीनुसार हीटिंग: स्मार्ट थर्मोस्टॅट आणि रेडिएटर व्हॉल्व्ह कसे बसवायचे, कसे सेट करायचे

आमच्या घरात बॉयलरच्या गरम पाण्याने रुम तापवणारे सहा रेडिएटर आणि थर्मोस्टॅट एकच, तोही हॉलमध्ये. हॉल २१ डिग्रीला पोचला की बॉयलर बंद, मग मागच्या रुममध्ये कोणी स्वेटरवर स्वेटर घालून काम करत बसलेलं असलं तरी त्या थर्मोस्टॅटला त्याचं काही देणंघेणं नाही. आणि जी रुम फक्त पाहुणे आले की वापरली जाते ती मात्र रोज छान उबदार. शेवटी वैतागून एका वीकेंडला स्मार्ट व्हॉल्व्ह आणले, पटापट बसवले, आणि पुढचा महिनाभर एकेक चूक निस्तरत बसलो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने लिहितोय ज्या क्रमाने मी ते करायला हवं होतं.

आधी कोण काय करतं ते डोक्यात बसवा

थर्मोस्टॅट बॉयलरला सांगतो की चालू हो किंवा बंद हो. रेडिएटरवरचा व्हॉल्व्ह फक्त पाणी अडवतो किंवा सोडतो. एवढंच. पण सगळा घोळ इथेच होतो, कारण लोक फक्त स्मार्ट व्हॉल्व्ह घेतात, बेडरूमला २० सेट करतात आणि रात्री व्हॉल्व्ह बिचारा पूर्ण उघडून बसलेला असतो पण पाइपात गार पाणी, कारण हॉलमधल्या थर्मोस्टॅटने बॉयलर केव्हाच बंद केलेला असतो. व्हॉल्व्हला उष्णता तयार करता येत नाही, मागता येते, आणि ती मागणी बॉयलरपर्यंत पोचवणारं कोणीतरी मध्ये लागतं. म्हणून खरेदी करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की एखाद्या रुमच्या व्हॉल्व्हला उष्णता हवी असेल तर हा सेट बॉयलर चालू करतो का. बाकी अॅप किती सुंदर आहे, ग्राफ किती रंगांत दिसतो, ते सगळं नंतर.

याला अपवाद म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला एकच बॉयलर असेल तर. तिथे पाइपात सीझनभर गरम पाणी असतंच, बॉयलर तुमच्या हातात नाही, मग नुसते व्हॉल्व्ह पुरतात. फक्त रेडिएटरवर बिलासाठी मोजणारी छोटी पट्टीसारखी डबी चिकटवलेली असेल तर तिला हात लावू नका.

खरेदीच्या आधी घरात एक चक्कर मारा

वही घ्या, मोबाईल घ्या, प्रत्येक रेडिएटरपाशी बसा. सहसा एका टोकाला आकडे असलेलं हेड, म्हणजे व्हॉल्व्हवरची फिरवायची टोपी असते, ती आपण बदलणार. दुसऱ्या टोकाला झाकण असलेला छोटा व्हॉल्व्ह असतो, तो बॅलन्सिंगचा, म्हणजे कुठल्या रेडिएटरला किती पाणी जायचं ते ठरवणारा, त्याला सध्या हात लावायचा नाही. दोन्ही टोकांना नुसता साधा चाकाचा नळ असेल, आकडे आणि सेन्सर काहीच नाही, तर तिथे स्मार्ट हेड बसणार नाही, आधी प्लंबरकडून सिस्टिममधलं पाणी काढून व्हॉल्व्हची बॉडीच बदलावी लागेल. तसंच जुन्या एका पाइपच्या सिस्टिममध्ये, म्हणजे एकाच पाइपावर सगळे रेडिएटर माळेसारखे ओवलेले असतात तिथे, जास्त पाणी जाऊ देणारी वेगळी बॉडी लागते. वाफेवर चालणारे रेडिएटर असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही, त्याचं गणितच वेगळं.

हेडचे आटे बघा. सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एम ३० बाय १.५, म्हणजे ३० मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर अंतराचे आटे. एम २८ पण सापडतं. डॅनफॉसच्या बऱ्याच बॉडींना आटेच नसतात, हेड क्लिप करून बसतं आणि त्यासाठी अॅडॅप्टर लागतो. बहुतेक कंपन्या दोन-तीन अॅडॅप्टर बॉक्समध्येच देतात, पण तुमच्या घरातली बॉडी कुठली आहे याचा फोटो काढून कंपनीच्या यादीशी जुळवून बघितल्याशिवाय ऑर्डर टाकू नका. आणि गंमत म्हणजे एकाच घरात दोन प्रकार निघू शकतात, मधे कधीतरी कोणीतरी एखादा रेडिएटर बदललेला असतो.

आता कुठल्या रुमला घ्यायचं? सगळ्यांना नको, हे माझं स्पष्ट मत. ज्या रुमचं टाइमटेबल बाकी घरापेक्षा वेगळं आहे तिथेच फायदा होतो, म्हणजे बेडरूम, कामाची रुम, पाहुण्यांची रुम, दुपारी ऊन येऊन आपोआप तापणारी रुम. पॅसेज आणि टॉयलेटला पैसे घालू नका. उलट एक रेडिएटर, शक्यतो बाथरूमचा टॉवेलवाला, कायम उघडा ठेवलेलाच बरा, कारण सगळे व्हॉल्व्ह एकदम बंद झाले तर पंपाने ढकललेल्या पाण्याला जायला वाट हवी. सिस्टिममध्ये बायपास व्हॉल्व्ह असेल तर ती वाट आधीपासून आहे, नसेल तर हा उघडा रेडिएटर ते काम करतो.

थर्मोस्टॅटची बाजू

जुना थर्मोस्टॅट काढून त्या जागी स्मार्ट थर्मोस्टॅट किंवा बॉयलरजवळ एक रिसीव्हर (थर्मोस्टॅटचा वायरलेस सिग्नल घेऊन बॉयलर चालू-बंद करणारी डबी) बसतो. इथे मी हिरोगिरी करू नका म्हणेन. काही बॉयलरना कंट्रोलच्या वायरवर मेनचा करंट लागतो, काहींना नुसता कोरडा कॉन्टॅक्ट लागतो, म्हणजे दोन वायर फक्त जोडायच्या-तोडायच्या. चुकीच्या जागी मेन सोडली तर बॉयलरचा बोर्ड जळतो. बॉयलरचं कव्हर उघडायचं काम ज्याचं आहे त्यालाच करू द्या, व्हॉल्व्ह आपण बसवू.

त्या माणसाला एक गोष्ट मात्र आवर्जून विचारा, बॉयलर ओपनथर्म बोलतो का. ओपनथर्म म्हणजे थर्मोस्टॅट आणि बॉयलरमधली दोन वायरवरची भाषा. साधा थर्मोस्टॅट चालू किंवा बंद एवढंच सांगतो, ओपनथर्मवाला सांगतो की मला ४८ डिग्रीचं पाणी दे, पुरे. खोलीनुसार हीटिंगमध्ये याचा किती उपयोग होतो ते पुढे येईलच.

आणि ज्या रुममध्ये मेन थर्मोस्टॅट भिंतीवर आहे तिथल्या रेडिएटरला वेगळं चालणारं हेड लावू नका. दोघं एकमेकांशी भांडतात. हेड म्हणतं रुम गरम झाली, पाणी बंद. थर्मोस्टॅट म्हणतो अजून अर्धा डिग्री हवाय, बॉयलर चालूच. आणि बाकीचं घर भट्टी. एक तर त्या रुमचं हेड पूर्ण उघडं ठेवा किंवा अॅपमध्ये दोघांना एकाच रुममध्ये टाका म्हणजे दोघांना तापमानाचा एकच आकडा दिसेल.

हेड बदलणं: पंधरा मिनिटांचं काम, पिन अडकली नसेल तर

पाणी काढावं लागत नाही, हे लोकांना खरंच वाटत नाही. हेड बाहेर असतं, पाणी बॉडीच्या आत असतं, मधे एक छोटी पिन. पिन दाबली की व्हॉल्व्ह बंद, सोडली की आतली स्प्रिंग तिला बाहेर ढकलते आणि व्हॉल्व्ह उघडतो. जुन्या हेडमध्ये मेण किंवा द्रव भरलेली डबी असते, रुम तापली की ती फुगते आणि पिन दाबते. डॅनफॉसच्या मॅड्स क्लाउसन यांनी १९४३ मध्ये रेडिएटरचा थर्मोस्टॅट काढला तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे, फक्त स्मार्ट हेडमध्ये डबीच्या जागी मोटर आणि गिअर आलेत.

तर जुनं हेड आधी सगळ्यात मोठ्या आकड्यावर फिरवा, म्हणजे पिनवरचा दाब जातो. मग मागची रिंग हाताने सोडवा, घट्ट असेल तर पान्याने, पण पान्याखाली फडकं ठेवा नाहीतर क्रोम खरवडतं. हेड हातात आलं की पिन दिसेल, चार-पाच मिलिमीटर बाहेर आलेली. आता सगळ्यात महत्त्वाची आणि सगळे विसरतात ती पायरी: पान्याच्या सपाट बाजूने ती पिन दाबून बघा. दाबली जाऊन परत टुणकन बाहेर आली पाहिजे.

माझ्या मागच्या रुमची नाही आली. दाबली तर आत गेली आणि आतच बसली. मी घाईत वरून स्मार्ट हेड चढवलं, अॅपने हिरवी टिक दिली, आणि तीन दिवस रुम गार. मी सेटिंग बदलतोय, हेड रीसेट करतोय, हबची (हेडं राउटरला जोडणाऱ्या डबीची) जागा बदलतोय, आणि आत पिन रुतलेली. शेवटी हेड काढलं, पिनच्या बुडाशी वंगणाच्या स्प्रेचा एक फवारा मारला, दहा मिनिटं थांबलो आणि पिनेला बाजूने हलकं टकटक केलं, मग ती वर आली. वीस-पंचवीस वेळा आतबाहेर केली तेव्हा मोकळी झाली. पक्कडीने ओढू नका, पिन अख्खी उपटून आली तर मात्र पाणी उडेल आणि मग प्लंबर, बादली, सगळंच.

पिन मोकळी असेल तर नवीन हेडमध्ये सेल घाला. सेल घातले की मोटर स्वतःला मागे ओढून घेते, स्क्रीनवर तसं काहीतरी येतं, ते होईपर्यंत थांबा. मोटर पुढे आलेल्या अवस्थेत हेड चढवायला गेलात तर रिंग आट्यात बसतच नाही आणि आपण उगाच जोर लावतो. रिंग हातानेच आवळा. मग कॅलिब्रेशन सुरू करा, मोटर घुर्र करत पिनवर जाते, कुठे अडतं ते शोधते, परत येते, हे एक-दोन मिनिटं चालतं. एरर आली तर दहात नऊ वेळा कारण दोनच, अॅडॅप्टर चुकीचा किंवा पिन अडकलेली.

जुनी हेडं फेकू नका. भाड्याचं घर असेल तर नक्कीच नाही. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवून रुमचं नाव लिहा आणि पिशवीत भरून ठेवा.

अॅपमधला आकडा खरा मानू नका

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. अॅपमध्ये हॉल २२ दिसत होता, मी खुश, आणि आई सोफ्यावर पायावर शाल घेऊन बसलेली. म्हणाली, "अरे, तुझ्या मोबाईलमध्ये असेल बावीस, इथे माझे पाय गार पडलेत." टेबलावर साधा थर्मामीटर ठेवला, १९.५. अडीच डिग्रीचा फरक, कारण हेडमधला सेन्सर बसलाय कुठे, तर गरम पाइपापासून चार बोटांवर. त्यावर आमच्याकडे खिडकीचा पडदा रेडिएटरच्या पुढ्यात लोंबत होता, म्हणजे हेड आणि गरम हवा दोघं पडद्याच्या आत आणि आई बाहेर.

आधी पडदा वर घ्या, सोफा रेडिएटरपासून सरकवा. मग एक थर्मामीटर छातीच्या उंचीवर, उन्हापासून आणि दारापासून लांब ठेवा, रेडिएटर तासभर चालू द्या आणि दोन्ही आकडे लिहा. फरक अॅपमधल्या ऑफसेटमध्ये टाका. पण ऑफसेट हा जुगाडच आहे, कारण रेडिएटर धगधगत असताना फरक अडीचचा असतो आणि गार असताना जवळपास शून्य. ज्या रुममध्ये माणूस बसून असतो तिथे वेगळा छोटा सेन्सर भिंतीवर लावून हेडला तो बघायला सांगणं हाच खरा इलाज. सगळ्या रुमना नको, आमच्याकडे दोनच आहेत, हॉल आणि कामाची रुम.

एका रुममध्ये दोन रेडिएटर असतील तर दोन्ही हेडं अॅपमध्ये एकाच रुममध्ये घाला. वेगळी ठेवली तर एक आधी तापून बंद होतं आणि दुसरंच एकटं राबत बसतं.

टाइमटेबल

पहिल्याच दिवशी पंचवीस वेळा बदलणारं टाइमटेबल बनवू नका. दोन आकडे पुरतात, माणूस असताना आणि नसताना. बसायच्या रुमला २० ते २१, बेडरूमला रात्री १८. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थंडीत घरातलं किमान तापमान १८ सुचवलंय, म्हातारी माणसं आणि बाळं असतील तर त्याहून जास्त लागू शकतं, तेव्हा बचतीच्या नादात आईच्या रुमला १६ नको.

रिकाम्या रुमला किती? इथे लोक सरळ बंद करून टाकतात आणि दोन महिन्यांनी कपाटामागे काळी बुरशी सापडते. कारण साधं आहे. २० डिग्रीच्या आणि ६० टक्के दमट हवेतलं पाणी साधारण १२ डिग्रीच्या पृष्ठभागावर थेंब धरायला लागतं, आणि बुरशीला तर थेंबही लागत नाहीत, त्याच्या बऱ्याच आधी भिंत दमट झाली तरी पुरतं. आंघोळीची, चुलीची, श्वासांची दमट हवा दारातून त्या गार रुममध्ये जाते आणि बाहेरच्या कोपऱ्यावर बसते. म्हणून रिकामी रुम १५-१६ वर ठेवा आणि दार बंद ठेवा. दार उघडं असेल तर या सगळ्याला अर्थच नाही, शेजारच्या रुमचा रेडिएटर दोन्ही रुम तापवत बसतो. दार बंद असलं तरी आतल्या भिंतींना सहसा इन्सुलेशन नसतं, थोडी उष्णता झिरपतेच, आमची पाहुण्यांची रुम १५ वर सेट आहे पण असते १७, तिचा व्हॉल्व्ह क्वचित उघडतो. म्हणजे ती रुम फुकट गरम होत नाहीये, हॉल तिचं बिल भरतोय. चार रुममधली एक गार ठेवली म्हणून बिल पाव कमी होईल असं गणित मांडू नका.

रुम तापायला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून मोजा. आमची कामाची रुम १६ वरून २० ला यायला सव्वा तास घेते, मग नऊला बसायचं तर पावणेआठला सुरू. बऱ्याच सेटमध्ये हे आपोआप शिकायची सोय असते पण त्याला आठ-दहा दिवस द्यावे लागतात, दुसऱ्याच दिवशी शिव्या घालू नका.

उघडी खिडकी ओळखायची सोय असते, तापमान झपकन पडलं की हेड पंधरा-वीस मिनिटं किंवा जास्त बंद होतं. छान आहे, पण दाराजवळच्या रेडिएटरवर ती बंद करा, नाहीतर कोणी दार उघडलं की त्याला वाटतं खिडकी उघडली.

एकाच छोट्या रुमसाठी मोठा बॉयलर

आता ओपनथर्मवर परत येऊ. रात्री दहा वाजलेत, फक्त कामाच्या रुमला उष्णता हवी आहे, तिथला रेडिएटर ६०० वॅटचा. आणि बॉयलर कमीत कमी ६ किलोवॅटवरच चालू शकतो असं धरा. दहापट. मग तो पेटतो, पाणी दोन मिनिटांत तापतं, उष्णता घ्यायला कोणी नाही म्हणून बंद, परत पेटतो, परत बंद. कान दिलात तर ऐकू येतं. याने गॅस वाया जातो आणि बॉयलरही झिजतो.

यावर तीन गोष्टी करा. एक, रुम फार सुट्या सुट्या मागणी करणार नाहीत असं बघा, कामाची रुम आणि शेजारची बेडरूम एकाच वेळी तापू द्या. दोन, काही सेटमध्ये एका छोट्या रुमला स्वतःसाठी बॉयलर चालू करायची परवानगी काढून घेता येते, तिला दुसऱ्या कोणासाठी बॉयलर चालू असेल तेव्हाच उष्णता मिळते. पॅसेज किंवा बाथरूमला हेड लावलंच असेल तर त्यांना या यादीत टाका. तीन, आणि हे सगळ्यात भारी, बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान कमी करा; ओपनथर्म असेल तर थर्मोस्टॅटच कमी तापमानाचं पाणी मागू शकतो, नसेल तर बॉयलरवरचा आकडा हाताने उतरवा. कंडेन्सिंग बॉयलरचा (जो धुरातली वाफ गार करून तिचीही उष्णता वापरतो) खरा फायदा परत येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असेल तेव्हाच मिळतो, आणि बरेच बॉयलर ७०-७५ वर सोडून दिलेले असतात.

फक्त एक हिशोब लक्षात ठेवा. ७५ चं पाणी जाऊन ६५ चं परत येतंय तेव्हा १००० वॅट देणारा रेडिएटर ५५ जाऊन ४५ परत येताना फक्त ५१५ वॅटच्या आसपास देतो. म्हणजे रुम हळू तापणार, टाइमटेबल लवकर सुरू करावं लागणार, आणि रात्री फार खाली उतरवून सकाळी झटकन वर आणायचा खेळ चालणार नाही. मी पाच-पाच डिग्रीने खाली आलो, दर वेळी दोन-तीन दिवस थांबून, ६० वर आमची सगळ्यात गार रुम तक्रार करायला लागली तेव्हा ६२ वर थांबलो. ज्या बॉयलरमध्ये गरम पाण्याची टाकी त्याच तापमानावर तापते तिथे मात्र हे न विचारता करू नका, टाकीतलं पाणी जंतू वाढू नयेत म्हणून ६० च्या आसपास लागतं.

घरात बॉयलर नाही, हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून आत आणणारं यंत्र) आहे? मग खोलीनुसार तुकडे पाडायच्या भानगडीत फार पडू नका. हीट पंपाला कोमट पाणी, भरपूर उघडे रेडिएटर आणि सलग चालणं आवडतं. दोन-चार रुम एक-दोन डिग्री खाली ठेवा, बाकी उघडं.

सेल, आवाज, नेटवर्क

हेड साध्या दोन सेलवर एक-दोन हिवाळे काढतं. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, बरीच हेडं त्यावर लवकर लो बॅटरी ओरडतात, अल्कलाइन घाला आणि घातल्याची तारीख हेडच्या मागे पेनाने लिहा. सेल संपले की काही हेडं आहेत तिथेच अडकतात, बंद असेल तर बंद, तेव्हा कडक थंडीत गावाला जायच्या आधी सगळ्यांचे सेल तपासा.

मोटरचा आवाज बारीक असतो पण रात्री दोन वाजता उशीपासून दोन फुटांवर बारीक वाटत नाही. बेडरूमला रात्रभर एकच तापमान ठेवा, हेड कमी हलतं.

हेड झिगबीवर (स्मार्ट उपकरणांच्या वायरलेस नेटवर्कचा एक प्रकार) असेल तर लक्षात ठेवा की सेलवर चालणारी उपकरणं एकमेकांचा सिग्नल पुढे ढकलत नाहीत, त्यासाठी मधे भिंतीच्या सॉकेटवरचा एखादा स्मार्ट प्लग लागतो. आणि बसवून झालं की एक टेस्ट कराच, राउटर बंद करा आणि दोन तास बघा की टाइमटेबल चालतंय का. चालत नसेल तर तुमची उब इंटरनेटवर अवलंबून आहे, आणि हे जानेवारीत कळण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये कळलेलं बरं.

सगळं बसल्यावरही एखादा रेडिएटर कोमटच राहिला तर वरून हवा काढा, तरी नाही झालं तर मगच तो दुसऱ्या टोकाचा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह. फिरवायच्या आधी तो पूर्ण बंद व्हायला किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे बिघडलं तर परत आणता येईल.

आणि उन्हाळ्यात हीटिंग बंद केलं की हेडं पूर्ण उघडी करून ठेवा. आता बरीच हेडं आठवड्यातून एकदा स्वतःच पिन आतबाहेर करतात, पण सेल काढून ठेवलेत तर तेही होत नाही, आणि सहा महिने दाबलेली पिन कशी बसते ते मी माझ्या मागच्या रुममध्ये बघितलंय.